नुसता खेद

ममताबेन माझं पत्र परत घेऊन आल्या तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून दार उघडलं. ममताबेन आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. बाई भली, पण कागद नुसता हातात ठेवून निघून जाणं तिला जमत नाही. "नागवेकरजी, संघर्षने वापस किया है. बोलतो, हा वर्ड नाही चालणार. तुम्ही जरा बघून घ्या ने," असं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पत्र इंग्रजीत होतं, कारण आमच्या कमिटीत मराठी, गुजराती, मारवाडी आणि एक केरळी असे सगळे आहेत, आणि भांडण कुठल्याही भाषेत झालं तरी कागद मात्र इंग्रजीच लागतो. चारच ओळी होत्या. त्यातल्या 'रिग्रेट' या शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढला होता आणि बाजूच्या समासात 'अपॉलॉजाइज' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. एकतीस वर्षं मी विमा कंपनीत पत्रांचे मसुदे केले. माझ्या मसुद्यावर लाल पेन चालवायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि हा संघर्ष, माझ्या दोस्ताचा पोरगा, तिसरीत असताना सायकलवरून पडला तेव्हा ज्याला मी उचललं होतं, तो मला शब्द सुचवतो. मला आधी राग आला. मग तो शब्द पुन्हा वाचला आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. ममताबेन म्हणाल्या, "साबू सुख गया आपका." मी दार लावून घेतलं.

झालं ते असं, आणि ते इतकं साधं आहे की सांगताना मलाच खोटं वाटतं. आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी एक काळा फळा आहे. पाणी बंद, लिफ्ट बंद, सभा, पूजा, असं सगळं त्यावर लिहिलं जातं. पण कुणी गेलं तर ते लिहायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नाक सरळ आहे म्हणावं तसं सांगतो. प्रभादेवीची खोली विकून आम्ही भाईंदरला आलो त्याच वर्षी ए विंगमधल्या एक बाई गेल्या, आणि तेव्हाच्या सेक्रेटरीने लिहिलेल्या सूचनेत निधनाचा 'नि' दीर्घ होता. मी न राहवून पुसला आणि नीट लिहिला. तेव्हापासून बावीस वर्षं बिल्डिंगमधलं प्रत्येक मरण माझ्या हातून गेलंय. लोक आता फळ्यावर माझं अक्षर दिसलं की मजकूर वाचायच्या आधीच चपला काढतात. तर त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ममताबेनचा फोन आला. "अपने बी विंग के काका एक्सपायर हो गए. सुबह हॉस्पिटल में. बोर्ड पे लिख दोगे ना?" मी हो म्हणालो आणि खडू घेऊन खाली उतरलो. बी विंगमधले दोन म्हातारे त्या दिवशी हॉस्पिटलात होते. एक बाबाजी राऊत, पाचव्या मजल्यावरचे, हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेलेले. दुसरा कोंडिराम खिल्लारे, माझा दोस्त, हृदयाचं ऑपरेशन होऊन चार महिने घर आणि आयसीयू यांच्यात खेपा घालणारा. गेले होते बाबाजी. मी लिहिलं कोंडिरामचं नाव. कोणते काका, एवढं दोन शब्दांत विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

चाळीस मिनिटं ते नाव फळ्यावर होतं. त्यातली पहिली पंधरा कुणी खास पाहिलं नाही. मग कोंडिरामची बायको, वैजयंतावहिनी, हॉस्पिटलातून डबा न्यायला रिक्षाने आल्या, आणि गेटपाशी थांबल्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी नवऱ्याला स्वतःच्या हाताने इडली भरवली होती. तरी त्यांनी फळ्यावर विश्वास ठेवला. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी हार सांगायला गेलं, आणि बाबाजींचा मुलगा वरून उतरला तेव्हा कुठे उलगडा झाला. मी तोवर घरी येऊन हात धुऊन पेपर वाचत होतो. फळा कुणी पुसला मला माहीत नाही. संध्याकाळी गेटवर कोंडिरामच्या मुलाने, संघर्षने, मला गाठलं. पोरगा बँकेत आहे, आवाज चढवत नाही. "काका, लेखी द्या," म्हणाला. "कमिटीच्या थ्रू द्या. आणि तोवर आमच्याकडे वर येऊ नका, प्लीज." ते प्लीज मला झोंबलं. पाचव्या दिवशी कोंडिरामला घरी आणलं. मी पडद्याआडून बघितलं. गाडीतून उतरून त्याने मान वर केली, आमच्या खिडकीकडे पाहिलं, आणि मी एक पाऊल मागे झालो. नंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. आज बारा दिवस झाले. वीस वर्षांत बारा दिवस आम्ही बोललो नाही असं झालेलं नाही.

आता या दोन शब्दांचं. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला उद्योग नाही, एक खोडून दुसरा लिहावा आणि मोकळं व्हावं. पण मी या दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एकतीस वर्षं पगार घेतलाय. क्लेम नाकारायचा असला की पत्राची सुरुवात ठरलेली: 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू.' नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी उत्साहाने एका पत्रात 'अपॉलॉजाइज' घातलं होतं, कारण त्यात चूक खरोखरच आमची होती, फाइल आम्हीच हरवली होती. लीगलच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पत्र समोर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "नागवेकर, रिग्रेट लिहा. पोटभर लिहा, डीपली लिहा, सिन्सिअरली लिहा. त्याला काही लागत नाही. पण अपॉलॉजाइज लिहिलंत की उद्या कोर्टात तोच कागद आपल्या डोक्यावर मारतील." तेव्हापासून मी रिग्रेटच लिहीत आलो. खेद वाटणं फुकट असतं, हे मी सरकारी नव्हे पण तितक्याच पक्क्या टेबलावर बसून शिकलो. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही खरं. ते पाऊस पडला म्हणण्यासारखं होतं. पडला, वाईट झालं, कुणी पाडला हा प्रश्नच नाही.

एकदाच एक बाई माझं पत्र घेऊन थेट टेबलापाशी आली होती. विमलाबाई, इथलीच, उत्तनजवळच्या पालीची कोळीण. नवरा बोटीवरून पडून गेला होता. फॉर्मवर धंद्याच्या रकान्यात एजंटने 'मासेविक्री' लिहिलं होतं; तो समुद्रात जातो हे लिहिलं नव्हतं, म्हणून क्लेम बसत नव्हता. तिने माझ्यापुढे कागद धरला. "सायेब, यात काय लिवलंय?" मी म्हटलं, आम्हाला खेद आहे असं लिहिलंय. "मंजी तुमची चूक हाय?" "नाही, चूक नाही." "मंग वाईट कशाचा वाटतंय तुमाला?" मी काहीतरी सांगितलं, पद्धत असते म्हणून. तिने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "तुमाला काय वाटत न्हाय, सायेब. तुमी नुसता लिवता." आणि निघून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाव विचारून पुढे जावं तशी गेली. मी तो प्रसंग दुपारी जेवणाच्या सुट्टीत मित्रांना रंगवून सांगितला आणि आम्ही हसलोसुद्धा. आज दाढीचा ब्रश धुताना तिचा तो कोरडा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

जेवताना सुचेताला पत्र दाखवलं. माझी बायको शाळेत होती, गणित शिकवायची. शब्दांच्या भानगडीत पडत नाही. तिने लाल गोल पाहिला आणि आमटी वाढत म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. तुम्ही कधी माफी मागितलीय का कुणाची? पस्तीस वर्षांत मला तरी आठवत नाही." मी म्हटलं, असं कसं, किती वेळा सॉरी म्हणालोय. "सॉरी काय, सॉरी तुम्ही लिफ्टमध्ये धक्का लागला तरी म्हणता." आमच्या घराण्यातच माफी मागायची रीत नाही. वडील रागाच्या भरात मारायचे, आणि मारणं अन्यायाचं होतं असं त्यांना वाटलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुड्यातून बालुशाही यायची. बालुशाही आली म्हणजे मिटलं. मी पाठीवरचे वळ आणि तोंडातला गोडवा एकाच वेळी सांभाळत मोठा झालो. सुचेताशीही मी तेच केलं; पुडे आणले. गणितवाली बाई, तिने सगळे पुडे लक्षात ठेवले असणार. आणि तरी, चालताना कुणाला पाय लागला तर माझा हात आपोआप खाली जातो, त्याला लागतो आणि छातीला लागतो, तेव्हा मध्ये कुठला शब्द नसतो. म्हणजे शरीराला येतं ते. मलाच येत नाही. सुचेता म्हणाली, "बघत काय बसलाय? भात गार होतोय."

मुलीला, इशिताला, फोन लावला. ती बंगलोरला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. माणसांना कामावरून काढण्याची पत्रं लिहिते, म्हणजे धंदा घरातच राहिला. "बाबा, सिम्पल आहे," ती म्हणाली. "रिग्रेट म्हणजे फीलिंग. तुम्हाला एकट्याला वाटू शकतं, घरात बसून. अपॉलॉजी म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी समोर जाऊन म्हणता की हे मी केलं. तुम्ही केलं ना? मग लिहा. एवढं काय ओव्हरथिंक करताय?" मी म्हटलं, केलं म्हणजे काय? ममताबेननी नाव सांगितलं नाही. बी विंगमधले दोघंही आजारी. त्यात बरा व्हायची आशा कुणाची कमी होती हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्याही हातून झालं असतं. "अगदी बरोबर," इशिता म्हणाली, "पण तुमच्या हातून झालं." मग तिला मीटिंग आली. ही पोरगी किती सहज बोलते. तिला मी लहानपणी पाढे शिकवले तेव्हाही ती अशीच, उत्तर सांगून पळायची, मधल्या पायऱ्या नाहीत. आणि माझा सगळा घोळ त्या मधल्या पायऱ्यांवरच आहे, आणि त्यातली एक पायरी अशी आहे की ती मी इशिताला सांगितली नाही, सुचेतालाही नाही.

कोंडिराम टेलिफोन खात्यात लाइनमन होता. परभणीकडचा, खांबावर चढून अर्धी मुंबई वरून पाहिलेला माणूस. रिटायर झाल्यावर आम्ही रोज संध्याकाळी राई गावाकडे चालत जायचो. आता तिथेही टॉवर उभे राहिलेत, पण मधूनच एखादं जुनं कौलारू घर, सुकत घातलेली जाळी, आणि पलीकडे मिठागरांचं पांढरं पाणी दिसतं. तिथे एका कठड्यावर बसायचं, शेंगदाणे खायचे आणि परत यायचं. तो बोलायचा, मी दुरुस्त करायचो. त्याची आई गेली तेव्हा मी फळ्यावर सवयीने 'कै.' लिहिलं होतं. त्याने चारचौघांत काही म्हटलं नाही. महिन्याभराने कठड्यावर बसल्यावर म्हणाला, "हरिभाऊ, आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत रे. आम्हाला कुठला कैलास? बौद्धांत कालकथित लिहितात." मला फार लाज वाटली, आणि शब्दही फार आवडला. कालकथित. मी तो मनात जपून ठेवला. पुढे तोच कधीतरी हसत म्हणाला, "माझ्या टायमाला नीट लिहिशील ना? कोंडिराम गणपत खिल्लारे, एका ओळीत बसंल का?" मी म्हटलं, बसवीन की. इथपर्यंत सगळी थट्टा. पण बावीस वर्षं एकच काम केलं की मन ते आपलं आपण करू लागतं. बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला तरी माझ्या डोक्यात ओळी जुळायला लागतात; नाव लांब की आखूड, कुठे तोडायचं, रुग्णालय लिहायचं की इस्पितळ. कोंडिराम चार महिने झिजत होता. मी एक दिवसाआड त्याला भेटून यायचो, त्याच्या पायावर हात ठेवून बसायचो, आणि परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात त्याची ओळ तयार असायची. कालकथित कुठे, नाव कुठे, शेवटी पूर्णविरामाआधी जागा किती. मी तिला हाकलायचो. ती पुन्हा यायची, आधीपेक्षा नीट होऊन.

म्हणून मी फोनवर विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं मी बारा दिवस स्वतःला सांगतोय, पण विचारायची गरजच नव्हती, मजकूर तयार होता. मी खाली गेलो, फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि एका दमात लिहिलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, बी विंग ३०४ मधील रहिवासी कालकथित कोंडिराम गणपत खिल्लारे.' एका ओळीत नाव बसलं. मग दोन पावलं मागे होऊन मी पाहिलं. आणि इथे मला थांबावं लागतं. दोस्त गेला अशी माझी खात्री होती, डोळे भरलेले होते, हे शपथेवर सांगतो. पण मागे होऊन पाहिल्यावर मला जे वाटलं ते हे, की अक्षर फार छान आलंय. हे कुठल्या शब्दात घालू? खेद लिहिला तर ते पावसासारखं होतं, कुणीच पाडला नाही. माफी लिहिली तर कशाची लिहू? फोनवर न विचारल्याची? ती तर कुणीही देईल. माणूस जिवंत असताना चार महिने त्याच्या पायाशी बसून मी त्याची ओळ घोटत होतो, ती माफी इंग्रजीत कशी लिहितात हे आमच्या लीगलच्या साहेबांनाही आलं नसतं. की त्यात काही वाईट नाही? सुतार येता-जाता दाराची मापं घेतोच की. मला कळत नाही. खरंच कळत नाही. मी कोंडिराम जाण्याची वाट बघत होतो का, असं विचारलं तर नाही म्हणून मी ओरडेन, आणि ओरडताना मला माझ्याच आवाजाचा संशय येईल.

दुपारभर चार मसुदे केले. एकात दोन्ही शब्द घातले. ते जास्तच खोटं वाटलं, साखर आणि गूळ दोन्ही घातल्यासारखं. शेवटी चार वाजता लाल गोलाचाच कागद खिशात घालून मी बी विंगकडे निघालो. संघर्ष बँकेत असणार, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणजे धैर्य होतं असं काही नाही. लिफ्टमध्ये वाक्य घोटत होतो. कोंडिराम तोंड फिरवेल, तेव्हा मी उभ्याउभ्याच म्हणेन आणि परत फिरेन. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. वैजयंतावहिनी कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होत्या. मला बघून त्यांनी मागे वळून आत पाहिलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याकडच्या कोपऱ्यात आल्या. बाई वाळून निम्म्या झाल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"भाऊजी, हळू बोला," त्या म्हणाल्या. "त्यांना काही माहीत नाही."

मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी धक्का द्यायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोललं नाही. ग्रुपवर लोकांनी फुलं आणि हात जोडलेले पाठवले होते, म्हणून संघर्षने त्यांचा फोनच काढून ठेवला होता. पाहुण्यांना दारातच सांगून ठेवलं होतं. म्हणजे त्या दिवशी गाडीतून उतरून त्याने वर पाहिलं ते मला शोधायला. आणि मी पडद्यामागे गेलो होतो. मी खिशातला कागद काढला, का ते मला ठाऊक नाही. हातात काहीतरी हवं होतं. वहिनींनी तो बघितला नाही.

"तो कागद संघर्षला पाहिजे. मला नको," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर कधी खोटं नसतं, म्हणून मी विश्वास ठेवला. आणि त्यात कालकथित लिहिलेलं. मला वाटलं, घरच्यांनी सांगितल्याबिगर बाहेरचं कोण हे लिहील? म्हणजे खरंच गेले." खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, ती होईपर्यंत थांबल्या. "भाऊजी, तुम्हाला म्हणून सांगते. ते वाचलं आणि मला पयलं रडू नाही आलं. पयलं वाटलं, सुटले. आता घरी जाऊन झोपीन. चार महिने मी पाठ टेकली नव्हती. तेवढंच वाटलं, एक घडीभर. मग मी रडले ते त्याच्यामुळं रडले. बायका मला धरत होत्या, बिचारी म्हणत होत्या. संघर्ष तुमच्याकडून माफी लिहून घेतोय. मी कुणाची मागू? त्यांना तर सांगताबी येत नाही."

बावीस वर्षांत या बाईशी माझं बोलणं चहा घेता का, नको, यापलीकडे गेलं नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, ती ओळ माझ्या डोक्यात आधीच तयार होती. फोन यायच्या कितीतरी आधी. मी रिक्षात जुळवायचो." हे मी कसं बोललो मला कळलं नाही; घोटलेलं वाक्य हे नव्हतं. वाटलं, आता त्या दार लावतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग आपलं दोघांचं सारखंच झालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं नाही की आम्ही एकमेकांना माफ केलं किंवा तसलं काही. फक्त दोन माणसं जिन्यात उभी होती आणि दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला. बारीक झालेला, पण त्याचाच.

वहिनींनी दार ढकललं. कोंडिराम खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसला होता. खांबावर चढणारे ते हात आता चादरीवर नुसते ठेवलेले होते. त्याने मला पाहिलं, क्षणभर त्याचा चेहरा उजळला, आणि मग आठवल्यासारखं करून त्याने मान भिंतीकडे वळवली.

"बारा दिवस," तो भिंतीला म्हणाला. "मोजलेत मी. दूधवाला इचारून गेला. ती ममताबेन संत्री घेऊन आली. तू समोरच्या विंगमधी राहतोस, शंभर पावलं न्हाईत. काहून आला नाहीस? हरिभाऊ, मी मेलो का रे तुझ्यासाठी?"

वैजयंतावहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. मी पलंगापर्यंत गेलो. काय बोलायचं नाही एवढंच ठाऊक होतं. काय बोलायचं ते नाही. "चुकलो," मी म्हणालो. "कोंडिराम, माझी मोठी चूक झाली. मला माफ कर." सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, आणि ते इतकं सोपं होतं की मला हुंदकाच आला. मी पलंगाच्या कडेला धरून रडायला लागलो. थांबवता येईना.

कोंडिराम घाबरला. "अरे, अरे. एवढं काय? चेष्टा केली मी." त्याने मला मनगटाला धरून ओढलं. "आला नाहीस तर आला नाहीस. माणसाला दवाखान्याचा कंटाळा येतो, मला कळत नाही का? माफ केलं, जा. समदं माफ केलं. बस आता." आणि त्याने पाय आखडून मला जागा करून दिली. मग दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "अगं, बघतीस काय? याला चहा टाक. हा माणूस रडून रडून आधी जाईल, आणि मी बसीन हितंच."

तो आपल्याच बोलण्यावर हसला. त्याने मला मनापासून माफ केलं होतं, आणि ते भलत्याच चुकीसाठी. मी त्याच्या शेजारी बसलो आणि हो हो म्हणत राहिलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजच आला नाही.